मेलबर्नच्या अंगणात, पाइपच्या गॅसवर बार्बेक्यू

निखिल, तुझा मेसेज आईनं मला पाठवला. तुम्ही दोघं कोथरूड सोडून मेलबर्नला येताय, जे भाड्याचं घर ठरतंय त्याला मागे अंगण आहे आणि घरात पाइपचा गॅस आहे. त्याच गॅसवर अंगणात बार्बेक्यू चालेल का आणि तुमची गॅसची ग्रिल, नळी पुण्याहून आणावी का, असं तू विचारलंयस.

ग्रिल आणू नकोस. नळी आणि रेग्युलेटरही नको. इथे गॅसच्या प्रत्येक उपकरणावर इथल्या प्रमाणपत्राची खूण लागते, ती नसलेलं उपकरण कुठलाही परवानाधारक गॅसफिटर जोडून देणार नाही. बार्बेक्यू मात्र जरूर घे. बंद घरात, गालिच्यावर बोंबलाचा वास महिनाभर राहतो. आमचं तळण, मासे, भरताचं वांगं सगळं गेली कित्येक वर्षं मागच्या अंगणातच होतं.

तुमच्याकडे पुण्यात एमएनजीएलची, म्हणजे पाइपच्या गॅसची लाइन आली तेव्हाचं आठव. माणूस आला आणि जाण्याआधी शेगडी उलटी करून बर्नरचे नोझल बदलून गेला. इथे तीच गोष्ट आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन असतो, पाइपमध्ये मुख्यतः मिथेन. तेवढ्याच घनफळात प्रोपेनची उष्णता जवळजवळ अडीचपट. शिवाय सिलिंडरचा गॅस बार्बेक्यूला 2.75 किलोपास्कल दाबानं मिळतो, पाइपचा साधारण 1 किलोपास्कलनं. म्हणून पाइपच्या गॅसला नोझलचं भोक मोठं लागतं.

हे मी नुकसान करून शिकले. पहिल्याच वर्षी आम्ही सिलिंडरवरचा बार्बेक्यू स्वस्तात घेतला आणि किरकोळ कामं करणाऱ्या एका माणसाकडून पाइपला जोडून घेतला. नोझल तेच ठेवून त्यानं फक्त जोडणी बदलली. संध्याकाळी आठ माणसं जेवायला होती. चारही बर्नर पूर्ण उघडले तरी ज्योत करंगळीच्या पेराएवढी, निळी, वाऱ्यानं मिणमिणणारी. तासाभरानं वांग्याची साल नुसती सुरकुतली होती, काळी झालीच नव्हती, आणि सुरी घातली तर आत कच्चं. दुसऱ्या दिवशी गॅसफिटर आला, बार्बेक्यूच्या मागची, कुठल्या गॅससाठी बनवलाय ते सांगणारी पट्टी वाचली आणि नळी काढूनच ठेवली. त्यानं सांगितलं, की उलटं झालं असतं, म्हणजे पाइपसाठीचा बार्बेक्यू सिलिंडरला लावला असता, तर पिवळ्या, काजळी सोडणाऱ्या ज्वाळा वर आल्या असत्या. त्या रात्री घरात मुलं होती. म्हणून आजही मी प्रत्येकाला आधी ती पट्टी वाचायला सांगते. तिच्यावर ‘नॅचरल गॅस’ लिहिलं असेल तरच पाइपला जोडायचा. नोझल बदलायचंच झालं, तर कंपनीचं त्या मॉडेलचं किट आणि गॅसफिटरचा हात, दोन्ही हवेत.

जोडणीसाठी घराबाहेरच्या भिंतीवर बेयोनेट हवा. हा गॅसचा प्लग समज: नळीचं टोक दाबून फिरवलं की बसतं, काढलं की आतली झडप आपोआप बंद होते. तो बसवणं हे गॅसफिटरचंच काम, आणि भाडेकरू म्हणून घरमालकाची लेखी परवानगी एजंटमार्फत आधी घ्यावी लागते. काम झालं की कंप्लायन्स सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला माग आणि जपून ठेव. भाड्याच्या घरातल्या गॅसची तपासणी इथे दर 2 वर्षांनी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. शेवटच्या तपासणीचा कागद करार करतानाच माग, लाजू नकोस.

गॅसफिटरला एक प्रश्न नक्की विचार: पाइपचा व्यास पुरेल का? चार बर्नरचा बार्बेक्यू तासाला 50-60 मेगाज्यूल घेतो, पण तात्काळ पाणी तापवणारा मोठा गीझर एकटाच 200 च्या आसपास ओढतो. पाइप बारीक असला तर कुणी आंघोळीला गेलं की तुझी ज्योत खाली बसते.

पेटवताना झाकण आधी उघडायचं, मग गॅस सोडायचा. झाकण लावलेलं असेल तर हवेपेक्षा हलका गॅस त्याच्याखाली कोंडतो. पाच सेकंदांत पेटला नाही तर बंद करून पाच मिनिटं थांब. नळी दर वेळी जोडल्यावर साबणाचं पाणी लाव, बुडबुडे दिसले तर पेटवायचंच नाही. हिवाळाभर वापर नसेल तर आधी बर्नरच्या नळ्या साफ कर, इथले कोळी त्यांत जाळी करतात आणि ज्योत उलटी फिरते. छताखाली, तिन्ही बाजू बंद असलेल्या पडवीत चालवू नकोस. तिथे साठणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे उघड्यावर आग पेटवायला बंदी जाहीर होते. त्या दिवशी कोळशाचा बार्बेक्यू पूर्ण बंद. गॅसचा चालतो, पण भोवती 3 मीटर जागा मोकळी हवी, पाण्याचा पाइप किंवा निदान 10 लिटर पाणी हाताशी हवं आणि मोठं माणूस पूर्ण वेळ जवळ हवं. रेडिओ नाहीतर अ‍ॅप बघूनच पेटव.

आता खर्चाचं. घरात स्वयंपाक, गीझर गॅसवरच असतील आणि तुम्ही दोन वर्षं तरी राहणार असाल, तर बेयोनेट बसवून घे. पुरणाच्या ऐन वेळी सिलिंडर संपला की काय होतं ते तुझ्या आईला विचार. इथे तो प्रश्नच उरत नाही. पण निव्वळ बार्बेक्यूसाठी गॅसचं कनेक्शन ठेवू नकोस, रोजचा स्थिर आकार वापर नसला तरी लागतो. शिवाय 1 जानेवारी 2024 पासून व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, प्लॅनिंग परमिट (बांधकामाआधीची नियोजन परवानगी) लागणाऱ्या नव्या घरांना गॅस जोडतच नाहीत. त्यामुळे पुढे नवं घर घेतलंत तर पाइपचा बार्बेक्यू तिथे निरुपयोगी ठरेल. वर्षभराचाच बेत असेल तर 9 किलोचा सिलिंडर आणि त्यासाठीच बनवलेला बार्बेक्यू घे.

पहिले दोन महिने काहीच घेऊ नका. इथल्या बागांमधून विजेचे बार्बेक्यू असतात, फुकट. शनिवारी कणसं, पनीर घेऊन जायचं, तवा पुसून घ्यायचा, बटण दाबायचं. वांगं मात्र सपाट तव्यावर नीट भाजत नाही. त्यासाठी आमच्याकडे या, तुम्ही उतरलात की पहिल्याच रविवारी. येताना काळा मसाला तेवढा आण, तो डब्यात सीलबंद ठेव आणि विमानतळावरच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत असं न विसरता लिही.