टॉर्नेडोत घरं कशी पडतात आणि त्याची ताकद कशी ठरवतात?

टॉर्नेडोत, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या जोरदार चक्राकार वाऱ्यात, आतल्या हवेच्या दाबाने घर फुटतं, म्हणून खिडक्या उघडायच्या का, असं तुम्ही विचारलंय. नाही, कृपया तसं करू नका; घर दाबाने फुटत नाही. आधी एखादी खिडकी किंवा गॅरेजचं दार फुटतं, वारा आत घुसून छपराला खालून रेटतो आणि वरून जाणारा वारा ते उचलतो. छप्पर गेलं की भिंती कोसळतात. माणसं मात्र बहुतेक वेळा उडत्या फळ्या, पत्रे, काचा लागून दगावतात.

ताकद ठरते ती वादळ गेल्यावर, पडझड पाहून. अमेरिकेत २००७ पासून सुधारित फुजिता श्रेणी आहे, ईएफ-० (सर्वात कमजोर) ते ईएफ-५ (सर्वात जोरदार). घर पायाला बोल्टने जखडलेलं होतं की नुसतं खिळ्यांवर, हेसुद्धा बघतात. भक्कम घर पायापासून साफ झालं तर सहसा ईएफ-५, म्हणजे ताशी ३२२ किमीच्या वर वारा.

या पद्धतीतली मोठी अडचण अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या एल रेनो गावाजवळ ३१ मे २०१३ रोजी दिसली. टॉर्नेडो सुमारे ४.२ किमी रुंद होता, फिरत्या रडारने ताशी ४८० किमीच्या आसपास वारा टिपला. तरी श्रेणी ईएफ-३, कारण तो बराचसा मोकळ्या शेतांवरून गेला. वादळांचा अभ्यास करणारे अनुभवी लोकही त्यात दगावले.