आडनावाचा अर्थ लावायची घाई नको

आपल्या जर्मन आडनावाचा नि पूर्वजांचा नुकताच शोध सुरू केला असेल, तर एकच सांगते: जर्मन शब्दकोश आधी बाजूला ठेवा. ‘नीत्शे’चंच घ्या. तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे स्वतःला पोलिश उमरावांचे वंशज म्हणवत. कागदपत्रांत पूर्वज निघाले जर्मनच. आडनाव मात्र आलंय ‘निकोलाउस’ या व्यक्तिनावाच्या स्लाव (पोलिश, चेक अशा भाषांच्या) वळणाच्या लघुरूपातून. नित्शे, नित्श्के ही त्याचीच भावंडं. म्हणजे ‘नीत्शे’ दुर्मीळ वाटलं, तरी दुर्मीळ आहे ते एक स्पेलिंग, नाव नव्हे! १८७६ मध्ये जर्मन साम्राज्यभर जन्म-विवाह-मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू होण्याआधी पाद्री कानावर पडेल तसं लिहीत. बापलेकांची स्पेलिंगं वेगळी असणं नेहमीचंच. म्हणून सगळी रूपं लिहून काढा, मग शोधा.

एखादं आडनाव किती आढळतं हे पाहायला जर्मनीतल्या माइन्झच्या अकादमीचा डिजिटल आडनावकोश उत्तम. पण त्यातले आकडे २००५च्या लँडलाइन जोडण्यांचे आहेत, माणसांचे नव्हेत. एका जोडणीमागे अख्खं घर असतं.

आडनाव कुठे आढळतं ते दाखवणाऱ्या नकाशावर ठिपके देशभर विखुरलेले दिसले तर गोंधळू नका. १९४५ नंतर सायलेशिया, पूर्व प्रशिया या तोवर जर्मनीत असलेल्या पूर्वेकडच्या प्रांतांतून लाखो जर्मन पश्चिमेकडे हाकलले गेले. अशा घराण्याचं मूळ गाव आज पोलंडमध्ये असू शकतं, आणि चर्चच्या जुन्या वह्याही कधी कधी तिकडच्याच अभिलेखागारात सापडतात.