परसातली चावरी चिलटं: फवारणीआधी मोरीचं पाणी कुठे मुरतं ते बघा

पाऊस उघडीप द्यायला लागला की चिलटांचे प्रश्न येऊ लागतात. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बहुतेकांची अडचण तीच आहे.

प्रश्न (सिंधुदुर्ग): घरामागे अळू, केळी, मिरची, भेंडी आहे. शेजारी दोन गाईंचा गोठा. संध्याकाळी भाजी काढायला गेलं की डोळ्यांना धड दिसत नाहीत इतकी बारीक चिलटं चावतात. गांध्या उठतात, खाज दोन-दोन दिवस राहते. पिंपं, करवंट्या, जुने टायर सगळं रिकामं केलं, तरी फरक नाही. घरात क्लोरपायरीफॉस आहे, ते फवारू का?

उत्तर: ताई, ते फवारू नका. पिंपं रिकामी केलीत हे चांगलंच झालं, त्याने डास कमी होतील. पण तुम्हाला चावतात ते डास नाहीत. ही क्युलिकॉइड्स जातीची चिलटं आहेत, लांबीला १ ते ३ मिलिमीटर. भिंगाखाली धरलं तर पंखांवर ठिपके दिसतात. चावते ती फक्त मादी. अंडी तयार व्हायला तिला रक्त लागतं.

डासाच्या अळीला साचलेलं पाणी लागतं. हिच्या अळीला लागतो ओला, कुजक्या मालाने भरलेला चिखल. शेण-मूत मिसळलेली गोठ्यामागची ओल, शेणखड्ड्याचा पाझर, पाला कुजून काळी पडलेली माती, आणि सगळ्यात हमखास जागा म्हणजे मोरीचं पाणी मुरतं तो काठ. तुमचं अळू नेमकं कुठे असेल हे सांगायला मला तिथे यावं लागणार नाही. ते मोरीच्या तोंडाशीच असणार आणि केळीही तिथेच. सांडपाण्यावर अळू-केळी जगवायची पद्धत जुनी आहे, वाईटही नाही. पण त्या पाण्याला निचरा नसला तर बारा महिने चिखल राहतो आणि भाजीबरोबर चिलटांचंही पीक निघतं.

फवारलेलं औषध त्या चिखलात अळीपर्यंत नीट पोचत नाही. उडणारी मेली तरी दोन दिवसांत नवी निघतात. भेंडी-मिरचीच्या फुलांवरच्या मधमाश्या मात्र मरतात आणि अळूच्या पानांवरचा अंश तुमच्या ताटात येतो. लेबलवर जे पीक आणि जी कीड लिहिली आहे त्यापलीकडे कुठलंच औषध वापरायचं नसतं, घरच्या भाजीवर तर नाहीच.

चिलटं नक्की कुठून निघतात याची खात्री करून घ्या. जुना पांढरा टब आतून एरंडेल तेलाने चोपडा आणि संशय असलेल्या ओल्या जागेवर उपडा घाला. कडा मातीने दाबून टाका. चार-पाच दिवसांनी उचलून पाहा. आत बारीक माश्या चिकटलेल्या असतील तर त्या त्याच चिखलातून निघाल्या आहेत. दोन-तीन जागी असं केलं म्हणजे आधी कुठे हात घालायचा ते कळतं. उगाच सगळं परस खणत बसू नका.

मोरीसाठी शोषखड्डा हाच खरा उपाय. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले, त्यालाच लोक ‘नांदेड पॅटर्न’ म्हणतात. साधारण ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल खड्डा घ्यायचा. मधोमध वरच्या भागात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची. तिच्या भोवती दगड-खडी भरायची आणि वर झाकण घालायचं. गाळ टाकीच्या तळाशी बसतो आणि पाणी भोकांतून खडीत जिरतं. वर्षा-दोन वर्षांनी गाळ काढला की झालं. तुमच्या जांभ्या जमिनीत पाणी लवकर जिरतं. काळ्या चिकण मातीत तेवढ्याने भागत नाही, तिथे खड्डा मोठा लागतो. विहिरीपासून निदान १५ मीटर लांब राहा. हे काम रोजगार हमीतून घेता येतं, ग्रामपंचायतीत विचारा. अळू काढून टाकायची गरज नाही. त्याला वेगळं पाणी द्या आणि दोन पाण्यांच्या मध्ये वरची माती सुकू द्या.

गोठ्याचं दुसरं. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा गोठ्यामागची ओल खरवडून उन्हात पातळ पसरली तरी त्यांचा क्रम तुटतो. शेणखड्डा ताडपत्रीने झाका, कडा मातीत गाडा. बायोगॅस असेल तर बाहेर सांडणारी स्लरी बघा, तिथे चिलटांची चंगळ असते. नारळाच्या आळ्यात पाला घालता तो घाला, पण त्यावर शेणपाणी ओतून रबडी करू नका.

हे होईपर्यंत अंगाचं रक्षण करायला हवं. चिलटं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चावतात. भाजी ऊन चढल्यावर, आठ-नऊनंतर काढा. पूर्ण बाह्या, पायात मोजे. ही उडायला फार कच्ची असतात, वाऱ्याची झुळूक असली तरी त्यांना उडता येत नाही. पडवीत बसताना टेबलफॅन पायांच्या दिशेने लावा, बऱ्याच जणांना तेवढ्याने सुटका मिळते. दिवा बसायच्या जागेपासून लांब टांगा, कारण उजेडावर ती येतात. कडुनिंबाचं तेल खोबरेल तेलात १०० मिलिलिटरला २ मिलिलिटर घालून लावलं तर थोडा वेळ उपयोग होतो. मेडिकलमधलं डासांचं मलम जास्त वेळ टिकतं, पण दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी असतात, यावर पैसे घालवू नका. चावलं तर साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लावा. मुलं खाजवून जखमा करतात, त्यांची नखं कापा.

प्रश्न (सातारा): मच्छरदाणीतून आत येतात. गोठ्याला कुठली जाळी लावावी?

उत्तर: साध्या मच्छरदाणीची भोकं यांच्या मानाने मोठी पडतात. रोपवाटिकेला वापरतात ती ४० मेशची कीटकरोधक जाळी घ्या. मात्र तिने वारा अडतो, म्हणून सगळा गोठा गुंडाळू नका. खिडक्यांना लावा आणि आत पंखा ठेवा. रात्री जनावरं बांधायची बाजू तरी झाकलेली असावी. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी चालते, पण ती गोठ्याबाहेर, वारा येतो त्या बाजूला आणि कडब्यापासून लांब. बंद गोठ्यात धूर कोंडला तर वासरांना खोकला लागतो, माणसांच्या डोळ्यांनाही त्रास होतो.

प्रश्न (रत्नागिरी): हापूसच्या मोहोरावर येणारी मिजमाशी तीच का?

उत्तर: नाही. तिचं कुळ वेगळं, ती माणसाला चावत नाही. तिच्या अळ्या मोहोर आणि कोवळी पालवी खातात, आणि तिचा उपाय मोहोराच्या फवारणी वेळापत्रकात बसतो. गंमत म्हणजे चावऱ्या चिलटांचेच काही न चावणारे भाऊबंद कोकोच्या फुलांचं परागीभवन करतात. नारळ-सुपारीत कोको लावणाऱ्यांनी झाडाखालचा पाला पार झाडून काढू नये.

प्रश्न (आटपाडी, सांगली): मेंढरं आहेत. चिलटं चावून मेंढरांना रोग होतो म्हणतात, खरं का? माणसाला लागतो का?

उत्तर: खरं आहे. नीलजिव्हा हा विषाणूचा रोग याच चिलटांमार्फत पसरतो. भारतात त्याची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातच झाली. जोरदार ताप, ओठ-तोंड सुजणं, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात व्रण, लंगडणं ही लक्षणं. जीभ निळी पडतेच असं नाही, तिची वाट बघत बसू नका. हा रोग माणसाला होत नाही. लसीबद्दल पावसाळ्याआधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. संध्याकाळी कळप ओढ्याच्या किंवा तळ्याच्या चिखलकाठी बसवू नका, उंच, वाऱ्याच्या माळावर बसवा.

गाई-म्हशींना येणारा तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, डास आणि चिलटं दोघांमुळे पसरतो. जनावर अचानक तापतं, थरथरतं, लंगडतं, बसून राहतं. बहुतेक जनावरं तीन-चार दिवसांत उठतात. या काळात त्यांना नीट गिळता येत नाही. नळीने किंवा बाटलीने काढा, तेल, गूळपाणी पाजू नका. ते फुफ्फुसात गेलं तर तापातून वाचणारं जनावर त्यानेच दगावतं. पाणी समोर ठेवा, सावलीत बांधा आणि डॉक्टरांना बोलवा.