ब्राम्सचा ऑपस ८ बसवताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघांनी जर्मन संगीतकार ब्राम्सचा बी मेजर पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन, चेलो अशा तिघांची रचना; ऑपस ८ म्हणजे त्याच्या रचनांतला आठवा क्रमांक) हाती घेतला, छान केलंत. चेलोला इतकी दिलदार सुरुवात क्वचितच मिळते. थोडा वेळ पियानो, मग लगेच तू, आणि व्हायोलिन बराच वेळ गप्प.

पहिल्याच पानावर सूर लागत नाही, ही तुझी तक्रार. दोष तुझ्या कानाचा नाही. चेलोच्या मोकळ्या तारा सी, जी, डी, ए. बी मेजर, म्हणजे बीपासूनच्या मेजर सप्तकाच्या सात स्वरांत यांतला एकही नाही. एरवी बोट बरोबर जागी पडलं की मोकळ्या तारा तरफांसारख्या झंकारतात आणि सूर सापडल्याची खूण पटते. इथे ती खूण जवळजवळ मिळतच नाही. म्हणून खालचा बी पियानोवर धरून ठेवायला सांग आणि त्यावर धून संथ लयीत वाजव. व्हायब्रेटो, म्हणजे बोट हलवून सुराला दिलेला कंप, अजिबात नको. पियानोचा डी शार्प किंचित चढा असतो, तेव्हा तो स्वर दोघांनी मिळून ऐका.

पण संथ वाजवायचं ते सरावापुरतंच. ही धून इतकी सुंदर आहे की सगळे तिच्यावर रेंगाळतात. ब्राम्सने वर ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ (द्रुत, जोमाने) लिहिलंय, ते कुणी वाचतच नाही.

त्यातही गंमत आहे. जानेवारी १८५४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, हॅनोव्हरला त्याने हा ट्रिओ पुरा केला तेव्हा तिथे ‘अलेग्रो कॉन मोटो’ (द्रुत, चालत्या गतीने) होतं. १८८९च्या उन्हाळ्यात त्याने तो पुन्हा लिहायला घेतला. मित्राला कळवलं की त्याला केसांचा टोप चढवला नाही, नुसते केस विंचरले. साफ थाप! एकट्या पहिल्या भागातून जवळजवळ दोनशे बार (तालाची आवर्तनं) गेले, फ्यूगसारखा, म्हणजे एकच धून वाद्यं एकामागून एक उचलतात तसा तुकडा गेला, दुसरी धून बदलली. स्केर्त्सो, म्हणजे दुसरा, चपळ भाग, मात्र शेवट सोडला तर तसाच राहिला. जुनी आवृत्तीही त्याने मागे घेतली नाही. ती एकदा ऐकच. लांबते, भरकटते, पण सुरुवातीची धून कुठल्या वयाची आहे ते तिथे कळतं. तुमच्या प्रतीत नवी आवृत्ती आहे, म्हणून तिच्यात विशीतली धून आणि छप्पन्न वर्षांच्या माणसाची दुसरी धून शेजारी शेजारी आहेत. पहिलीला उगाच पोक्तपणा देऊ नकोस.

तालमीची सुरुवात पहिल्या भागाने करू नका. आधी स्केर्त्सो, मग शेवटचा भाग. दोन्ही बी मायनरमध्ये, म्हणजे बीपासूनच्याच पण उदास वळणाच्या सप्तकात, दोन्हींची सुरुवात तुझ्याकडे, आणि तिथे डी, जी, ए या तिन्ही मोकळ्या तारा तुझ्या बाजूने आहेत. हा ट्रिओ संपतोही मायनरमध्येच. तेव्हा शेवटच्या पानावर पियानोवाला कितीही जोरात सुटला तरी तू तार रगडू नकोस. त्यालाच आवाज कमी करायला सांग.

तुझा,
काका