मँगनीज ऑक्साइड गणितात धातू का निघतो?

प्रश्न : मी नागपूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे मँगनीजच्या खाणी, म्हणून प्रकल्पासाठी मँगनीज ऑक्साइड (एमएनओ) घेतला. क्वांटम एस्प्रेसोवर (पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचे गणित करणारे सॉफ्टवेअर) गणित पूर्ण होते, पण बँड गॅप (इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जा-पट्ट्यांमधले अंतर) शून्य येतो, म्हणजे पदार्थ धातू ठरतो. पुस्तकात तर तो विद्युतरोधक आहे. माझा ८ जीबीचा लॅपटॉप कमी पडतो का?

उत्तर : लॅपटॉपचा दोष नाही. बहुधा तुम्ही स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकीय गुण, वर किंवा खाली) दिलेलाच नाही, आणि स्पिनशिवाय हा ऑक्साइड गणितात धातूच निघतो. ११८ केल्विनखाली मँगनीजचे स्पिन १११ दिशेने (घनाच्या कर्णाच्या दिशेने) एका थरात वर, पुढच्यात खाली असे लागतात. दोन अणूंच्या साध्या युनिट सेलमध्ये (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा लहान तुकडा) ही रचना मावतच नाही. चार अणूंचा रॉम्बोहेड्रल (तिन्ही बाजू आणि तिन्ही कोन सारखे असलेला) सेल घ्या : बाजू ५.४४ आँगस्ट्रॉम, कोनाचा कोसाइन ५/६. मँगनीज ० आणि ०.५ वर, ऑक्सिजन ०.२५ आणि ०.७५ वर (तिन्ही निर्देशांक सारखेच). एवढ्या सेलला ८ जीबी पुरते.

इनपुटमध्ये एनस्पिन (स्पिन चालू करणारी नोंद) २ ठेवा. दोन्ही मँगनीजना इनपुटमध्ये वेगळी नावे द्या आणि सुरुवातीचे चुंबकन एकाला ०.५, दुसऱ्याला उणे ०.५. नाव एकच ठेवले तर दोघांनाही एकच किंमत लागते. इथेच बरेच जण फसतात. गणित संपल्यावर एकूण चुंबकन शून्य आणि निरपेक्ष चुंबकन (वर-खाली न पाहता केलेली बेरीज) ९-१० बोर मॅग्नेटॉनच्या (चुंबकनाचे एकक) आसपास दिसले पाहिजे. दोन्ही शून्य असतील तर स्पिन वाटेतच विरले. आवर्तने (उत्तर स्थिरावेपर्यंतच्या फेऱ्या) हेलकावे खात असतील तर मिक्सिंग बीटा (प्रत्येक फेरीत नवी घनता किती मिसळायची ते प्रमाण) ०.७ वरून ०.२ वर आणा.

कट-ऑफची (गणितात किती ऊर्जेपर्यंतच्या लहरी घ्यायच्या ती मर्यादा) चाचणी मात्र टाळू नका. ४० रिडबर्गपासून (ऊर्जेचे एकक) दहा-दहाने वाढवत जा, ऊर्जा स्थिरावेपर्यंत. मँगनीजला सिलिकॉनपेक्षा बरेच जास्त लागते. इलेक्ट्रॉन-घनतेसाठीचा घनता-कट-ऑफ याच्या नॉर्म-कन्झर्विंग स्यूडोपोटेन्शियलला (आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायची अणूची फाइल) चौपट, अल्ट्रासॉफ्ट प्रकाराला ८ ते १२ पट. के-बिंदूंची (इलेक्ट्रॉन-लहरींचे नमुने घ्यायच्या बिंदूंची) जाळीही तशीच तपासा : ४×४×४, मग ६, मग ८.

एवढे करूनही पीबीईचा (या गणितात इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठी नेहमी वापरले जाणारे अंदाजी सूत्र) गॅप साधारण १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच येईल. प्रयोगात तो ३.६ ते ४ च्या घरात आहे. ही चूक तुमची नाही. मँगनीजचे डी-इलेक्ट्रॉन (डी-कक्षेतले) एकमेकांना किती दूर सारतात हे पीबीईला नीट पकडता येत नाही, म्हणून हबर्ड यू (या दूर सारण्याची ऊर्जा-दुरुस्ती) जोडतात. गॅप जुळेपर्यंत यू फिरवत बसणे आम्हाला पटत नाही. क्वांटम एस्प्रेसोमधल्याच एचपी प्रोग्रामने यू काढा आणि तीच किंमत शेवटपर्यंत ठेवा. वेगवेगळ्या यूच्या एकूण ऊर्जांची आपसात तुलना करता येत नाही.

मे महिन्यात नागपूरच्या उकाड्यात तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. मोठे गणित रात्री लावा, पण लॅपटॉप कूलरच्या दमट झोतात ठेवू नका.

तोंडी परीक्षेसाठी एक तयारी ठेवा. ११८ केल्विनच्या वर स्पिनांचा क्रम मोडतो, तरी पदार्थ रोधकच राहतो. म्हणून गॅपचे सगळे श्रेय चुंबकीय क्रमाला देऊ नका.