आम्लात धातूचं ऑक्साइड टाकल्यावर हायड्रोजन का निघत नाही?

जस्त टाकलं की बुडबुडे, झिंक ऑक्साइड टाकलं की एकही बुडबुडा नाही, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ऑक्साइडमधला ऑक्सिजन आम्लातल्या हायड्रोजनला धरतो, त्याचं पाणी होतं. सोबत क्षार तयार होतो. काळं कॉपर ऑक्साइड विरल सल्फ्युरिक आम्लात गरम करा (शिक्षकांसमोरच!), मोरचुदाचं (म्हणजे कॉपर सल्फेट या क्षाराचं) निळंशार द्रावण मिळेल.

आमच्या कोल्हापुरात आजी तांब्याचा बंब चिंचेनं घासायची, तेही हेच. चिंचेतलं टार्टारिक आम्ल ऑक्साइडचा काळपट थर विरघळवतं, खालचं तांबं तसंच राहतं. लोखंडाचं तसं नाही. उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात गंजलेला भाग हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवला, तर गंज निघतो. पण जास्त वेळ राहिला की आम्ल लोखंडच खायला लागतं, आणि तेव्हा मात्र हायड्रोजनचे बुडबुडे जोरात येतात.