चित्राखालच्या ओळी कापू नका

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घर व्हिक्टोरियन काळातलं आहे. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचा १८६० च्या दशकातला एक बांधीव खंड मिळाला. पुठ्ठा निखळलाय, पानं सुटी झालीत. त्यातली आठ-दहा विनोदी चित्रं बैठकीच्या खोलीत लावायची आहेत. नवरा म्हणतो, खालचा बारीक मजकूर कापून टाकू, रंगही भरू, भिंत सुटसुटीत दिसेल. शिवाय पानामागची छपाई पुढून दिसते. काय करावं? (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : मजकूर कापू नका. बाकीचं सगळं नंतर.

ही चूक माझ्या हातून झालेली आहे. पुण्यात फ्रेमिंगचं काम सुरू केलं तेव्हा एका गिऱ्हाइकाने जॉर्ज द्यू मोरिएच्या 'पंच'मधल्या १८९५ च्या प्रसिद्ध चित्राची नवी छापील प्रत आणली. बिशपच्या घरी न्याहारीला एक तरुण पाद्री बसलाय. खाली संवाद आहे. बिशप म्हणतात, "तुमचं अंडं नासकं निघालं वाटतं, मिस्टर जोन्स." पाद्री म्हणतो, "छे, छे, महाराज! यातला काही काही भाग अगदी उत्तम आहे!" थोडं बरं, बाकी वाईट अशा गोष्टीला इंग्रजीत 'पाद्र्याचं अंडं' म्हणतात, तो वाक्प्रचार यातूनच रुळला. मी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापताना त्या दोन ओळी झाकल्या. महिन्याभराने गिऱ्हाईक परत आलं. घरी येणारा जो तो विचारत होता, ही जेवणारी माणसं तुमची कोण? मी माउंट बदलून दिला, पण ते अजून मनाला लागून आहे. या चित्रांमध्ये अर्धा विनोद रेषेत असतो नि अर्धा खालच्या बोलण्यात. ओळी गेल्या की उरतं ते नुसतं जुनं चित्र.

म्हणून चित्रं उंच लावू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर ठेवतात, ते उभ्याने बघण्यासाठी. तुमची पानं जेमतेम ए-फोर कागदाएवढी, अक्षर बारीक. ती सोफ्याशेजारी, बसलेल्या माणसाच्या नजरेसमोर लावा, नाहीतर जिन्यात, जिथे माणूस पायरीपायरीला थांबतो. शक्य झालं तर लंडनमध्ये केन्सिंग्टनला १८, स्टॅफर्ड टेरेस बघून या. 'पंच'चा चित्रकार लिन्ली सॅम्बोर्न याचं ते घर, आता संग्रहालय आहे. भिंती चित्रांनी खच्चून भरलेल्या आहेत. मी तिथे जिन्यावर बराच वेळ रेंगाळले होते. पण त्याची हौस तुमच्या खोलीला झेपेलच असं नाही. आठ-दहा नको, चार लावा.

खंड धडधाकट असता तर एकही पान काढू नका म्हटलं असतं. सुटलाच आहे, तर सुटी पानं घ्या, बाकीची जपून ठेवा. मागची छपाई झाकायला पानामागे आम्लरहित काळा कागद ठेवा. पांढऱ्या कागदाने ती अक्षरं उलट उठून दिसतात. सेलोटेप अजिबात नको. त्याचा डिंक कागदात उतरतो आणि तपकिरी पट्टा कायमचा राहतो. पान चिकटवायला जपानी कागदाच्या दोन बारीक पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ, तीही फक्त वरच्या कडेला. माउंट आम्लरहित हवा, आणि काच कागदाला चिकटता कामा नये. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर ती भिंत सोडा. तांबूस ठिपके तिथूनच सुरू होतात.

रंग भरू नका. फ्रेम करण्याआधी भिंग घेऊन एखादं मोठं चित्र जरा बघा. कुठेतरी चित्राच्या आरपार केसाएवढी पांढरी सरळ रेघ सापडेल. बॉक्सवूडचं झाड बारीक खोडाचं, म्हणून लाकडाचे छोटे तुकडे जोडून ठसा करत. त्या सांध्याची ती खूण. जॉन टेनिएलसारखे चित्रकार काढत आणि जोसेफ स्वेनच्या कारखान्यातले कारागीर कोरत. रंगाखाली त्यांचं काम बुजेल.

रंग हवाच असेल तर 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकाचं एखादं रंगीत व्यंगचित्र घ्या. 'स्पाय' या टोपणनावाच्या चित्रकाराने काढलेले क्रिकेटपटू आहेत, रणजितसिंह १८९७ चा, डब्ल्यू. जी. ग्रेस १८७७ चा. त्यांच्याखाली एखादाच शब्द असतो, 'रणजी' किंवा 'क्रिकेट'. ती लांबूनही कळतात, म्हणून दारासमोर चालतील. फक्त थेट ऊन नको, रंग उडतात.

राजकीय मोठी चित्रं मात्र बैठकीत लावू नयेत असं मला वाटतं. टेनिएलचाच १८५७ चा ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेपावतो. तो रोज चहा पिताना समोर नको. तुमच्या खंडात घोड्यावरून पडणारे साहेब, क्रिनोलिनच्या (फुगीर, कड्या घातलेल्या झग्याच्या) घेरात अडकणाऱ्या बायका, मालकिणीला तोंडावर उत्तर देणाऱ्या मोलकरणी भरपूर असतील. त्यांतली चार निवडा, आणि निवडताना आधी खालच्या ओळी मोठ्याने वाचा. ज्या पानाला नवरा हसेल ते पहिलं फ्रेमला द्या.